ट्रेलरचे टायर आणि स्टेपनी कशी निवडायची: अमेरिकेतल्या ढोल पथकांसाठी आणि मंडळांसाठी सगळं एका जागी

आमच्या पथकाचा ट्रेलर म्हणजे पाच बाय आठचा बंद डबा, एकच अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा), दोन चाकं. वर्षातनं सात-आठ वेळाच बाहेर निघतो, पाडव्याला एकदा, मग गणपतीत जवळजवळ प्रत्येक वीकेंडला, आणि कुठे परेड असली तर अजून एखादा. बाकी सगळं वर्ष न्यू जर्सीत एका स्टोरेजच्या आवारात उन्हात, पावसात, बर्फात उभा. एका वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी पेनसिल्वेनियात चाललो होतो, आय-७८ वर, आत ढोल, ताशे, ध्वज, लोखंडी स्टँड सगळं भरलेलं, आणि मला पुढे गाडीत काहीही कळलं नाही. मागच्या गाडीतल्या पोरांनी फोन केला की दादा थांबव, उजव्या चाकातनं धूर येतोय. उतरून बघितलं तर टायरचा वरचा पट्टाच्या पट्टा सुटून फेंडरला, म्हणजे चाकावरच्या मडगार्डला, गुंडाळलेला, आणि रस्त्यावर पडलेला तुकडा हातात घेतला तर त्याची नक्षी नव्या टायरसारखी खोल.

स्टेपनी होती, पुढे दांड्यावर टांगलेली. पण तिच्यात हवा जेमतेम १२ पीएसआय, माझ्या गाडीतला पाना ट्रेलरच्या नटांना बसत नव्हता, आणि नंतर घरी आल्यावर तारीख वाचली तर स्टेपनी फुटलेल्या टायरच्याच वयाची, नऊ वर्षांची. नऊवारी नेसून, फेटे बांधून तयार झालेली मंडळी तिकडे तासन् तास वाट बघत बसली. त्या दिवसानंतर मी हा विषय नीट शिकलो, अ‍ॅक्सलचं मॅन्युअल वाचलं, टायरच्या दुकानात उभं राहून प्रश्न विचारले, ट्रेलर काट्यावर नेला. आता दर वर्षी दोन-तीन पथकांचे फोन येतात की टायर कुठले घेऊ, म्हणून सगळं एकदाच लिहितोय. पथक नसलं आणि घरचा साधा उघडा ट्रेलर असला तरी हेच सगळं लागू.

आधी तारीख वाचा, नक्षी नंतर

कारचा टायर झिजून जातो, ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. टायरच्या रबरात तडे जाऊ नयेत म्हणून मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात, टायर फिरतो, दबतो, सुटतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतात. उभ्या ट्रेलरचा टायर फिरतच नाही, म्हणजे संरक्षण वर येत नाही, आणि ऊन मात्र रोज लागतं. त्यामुळे वर्षाला हजार मैलसुद्धा न चाललेला टायर आतून सुटायला लागतो आणि बाहेरून छान दिसतो.

टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं शोधा, त्यापुढे लांब कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. ३४१४ असेल तर २०१४ चा चौतिसावा आठवडा. पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि आपल्या नशिबाने ती बाजू आतली निघते, मग ट्रेलरखाली झोपायची गरज नाही, फोनचा टॉर्च लावून हात आत घालायचा आणि चार-पाच फोटो काढायचे, एकात तरी नीट येतं. कोडमध्ये शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा, त्याचा विचार करायचं कारणच नाही, काढून टाका.

मी धरलेला नियम असा की पाच वर्षं झाली की दर ट्रिपच्या आधी बारीक तपासायचा, सहा झाली की बदलायचा, नक्षी कितीही चांगली असो. तपासताना हवा पूर्ण भरलेली असू द्या आणि बोटाने साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दाबत गोल फिरा, जिथे रबर आणि रिम भेटतात तिथे आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारखे बारीक तडे दिसतात का बघा. नख अडकेल एवढा तडा असला तर विषय संपला. मग थोडं लांब बसून टायर समोरून बघा, कुठे फुगा आलाय का, नक्षी एका जागी उंच झालीय का. उंचवटा दिसला म्हणजे आतला पट्टा सुटतोय, असा ट्रेलर दुकानापर्यंतसुद्धा ओढत नेऊ नका, चाक काढून गाडीत घालून न्या.

एकच कड झिजली असेल तर मात्र नवीन टायर टाकून प्रश्न सुटणार नाही, अ‍ॅक्सल वाकलेला असू शकतो किंवा बेअरिंग ढिलं झालेलं. चाक उचलून वरखाली हलवून बघा, खडखड वाजलं तर आधी ते काम करा.

वजन किती आहे ते अंदाजाने धरू नका

ट्रेलरच्या पुढच्या डाव्या बाजूला एक पत्रा किंवा स्टिकर असतो. त्यावर ट्रेलरचं एकूण कमाल वजन, अ‍ॅक्सलची क्षमता, टायरची साईज आणि हवा किती भरायची हे सगळं छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण दोन-तीन वर्षांत तो पत्रा पुसट होतो. आमच्यावर एकूण २,९९० पौंड लिहिलंय, खाली अ‍ॅक्सल मात्र ३,५०० पौंडाचा आहे. असं खूप ट्रेलरवर दिसेल, बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडाला ब्रेकचे नियम सुरू होतात म्हणून बनवणारे मुद्दाम त्याच्या खाली छापतात. अ‍ॅक्सल मोठा आहे म्हणून जास्त भरायचं असं करू नका, पत्र्यावरचा आकडा हाच तुमचा आकडा.

आता खरं वजन. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो, नेहमीसारखं सगळं सामान भरून तिथे जा. तो काटा तुकड्यांत असतो, गाडीची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची तिसऱ्यावर अशी उभी केली की पावतीवर तिन्ही वजनं वेगवेगळी येतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रेलरच्या चाकांवर २,४६० पौंड आले. मला वाटत होतं की ढोल म्हणजे आतून पोकळ, त्याचं काय वजन, दीड हजारच्या आत असेल. पण स्टँड, साऊंडचे स्पीकर, जनरेटर, पाण्याची खोकी, ध्वजाचे पाईप, हे सगळं कोणी मोजतच नाही.

ह्या २,४६० चे दोन भाग केले तर चाकामागे १,२३० पौंड. पण हे सामान दोन्ही बाजूंना सारखं लागलं असेल तरच. आमच्याकडे लोखंडी स्टँड कायम उजव्या भिंतीला लावायची सवय होती, आणि फुटला तो उजवाच टायर. आता स्टँड मध्यभागी जमिनीवर आडवे झोपवतो, साधारण साठ टक्के वजन अ‍ॅक्सलच्या पुढे येईल असं भरतो, आणि ढोल वर रचतो. हुकवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा, त्यापेक्षा कमी आला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो.

टायरवरची भाषा

आमच्या जुन्या टायरवर लिहिलं होतं एसटी २०५/७५ आर १५, लोड रेंज सी. एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, फक्त ट्रेलरसाठी बनवलेला, साईडवॉल कडक असतो म्हणून वळताना डबा कमी हेलकावतो. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ इंच रिम. आरच्या जागी डी असला तर तो बायस टायर, जुन्या पद्धतीचा. लहान ट्रेलरला, आसपासच्या आसपास फिरवायचा असेल तर बायस चालतो, पण हायवेवर दोन-दोन तास जायचं असेल तर रेडियल घ्या, कमी तापतो. एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक बायस असं कधीच लावू नका, स्टेपनीसुद्धा त्याच जातीची हवी.

लोड रेंजचं अक्षर हे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात आणि तेच सगळ्यात जास्त महत्त्वाचं. साईज तीच असली तरी अक्षर बदललं की टायर किती वजन पेलतो ते बदलतं. १३ इंची एसटी १७५/८० हा खूप ट्रेलरवर येतो, तो बी रेंजमध्ये १,१०० पौंड पेलतो आणि सी मध्ये १,३६०. १४ इंची २०५/७५ सी मध्ये १,७६० पौंड. आमचा १५ इंची २०५/७५ सी मध्ये १,८२० आणि डी मध्ये २,१५०. आता आमचे चाकामागे १,२३० पौंड ह्यात बसवून बघा. १३ इंची बी असता तर टायर रोज त्याच्या ताकदीच्या बाहेर काम करत असता, १३ इंची सी जेमतेम पुरला असता, आणि १५ इंची सी मध्ये भरपूर जागा राहते. मी म्हणेन की खऱ्या वजनापेक्षा निदान वीस टक्के जास्त क्षमता ठेवा, कारण सामान डाव्या-उजव्या बाजूला कधीच सारखं लागत नाही आणि रस्त्यात खड्डे असतातच. एकाच अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला दोनच चाकं, एक गेलं की सांभाळून घ्यायला शेजारी दुसरं नसतं.

होम डेपोसारख्या दुकानातनं घेतलेला छोटा उघडा ट्रेलर असेल तर त्यावर बहुधा ४.८०-१२ अशी जुन्या पद्धतीची साईज दिसेल, तिथेही तेच. बी रेंजमध्ये एक टायर ७८५ पौंड, सी मध्ये ९९०. फर्निचर, मंडपाचे पाईप, मखराचं लाकूड वाहताना ७८५ ची दोन चाकं म्हणजे ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून १,५७० पौंड, ती मर्यादा पटकन येते.

स्पीडचंही बघा. एसटी टायरवर स्पीडचं अक्षर नसेल तर तो ६५ मैलांपर्यंतच धरायचा. हल्ली बऱ्याच टायरवर एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७ मैल असं छापलेलं येतं. गुडइयरचा एन्ड्युरन्स २०१७ मध्ये आला, तो अमेरिकेत बनतो आणि त्याला एन आहे, आम्ही शेवटी तोच, डी रेंजचा घेतला आणि आतापर्यंत समाधानी आहे. पण अक्षर कुठलंही असो, मी ट्रेलर मागे असताना साठ-बासष्टच्या वर जात नाही, कारण वेग वाढला की टायर तापतो आणि टायर मारते ती उष्णता. कॅलिफोर्नियावाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडे ट्रेलर ओढताना कायद्यानेच कमाल ५५ मैल आहे.

कारचा जुना टायर ट्रेलरला लावू का, हा प्रश्न कायम येतो. लावता येतो, पण कारच्या टायरवर जी वजनक्षमता छापलेली असते ती ट्रेलरसाठी १.१ ने भागून धरायची, आणि साईडवॉल मऊ असल्यामुळे डबा हेलकावे जास्त खातो. बंद, उंच डब्याच्या ट्रेलरला मी लावणार नाही.

जास्त ताकदीचा टायर घ्यायचा तर रिम आणि व्हॉल्व्ह बघा

सी वरून डी वर जायचं ठरवलं तर टायर बसेल, साईज तीच आहे, पण डी ची ती २,१५० पौंडांची ताकद ६५ पीएसआय हवेवर मिळते, सी ला ५० लागते. म्हणजे रिमसुद्धा ६५ पेलणारी हवी. रिमच्या मागच्या बाजूला, कधी गंजाखाली, कमाल वजन आणि कधी कधी कमाल हवा ठोकलेली असते, तारेच्या ब्रशने घासून वाचा. आमच्या दोन चाकांच्या रिमवर २,१५० होतं आणि स्टेपनीच्या रिमवर १,८७०, कारण ती कोणीतरी नंतर दुसरीकडून आणली होती. म्हणजे त्या रिमवर डी टायर चढवला तरी ती स्टेपनी १,८७० च्या वर धरायची नाही. आम्ही ती रिम देऊन टाकली आणि तिन्ही सारख्या केल्या.

व्हॉल्व्हबद्दल दुकानदार क्वचितच बोलतो. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआय पर्यंतचा असतो, त्यामुळे ६५ वर चालवायचं असेल तर जास्त दाबाचा व्हॉल्व्ह मागून घ्या, धातूचा असला तर उत्तम. त्या १२ इंची सी टायरला तर ९० पीएसआय लागते, तिथे साधा व्हॉल्व्ह लावला तर तो धोकाच. टायर बदलताना जुना व्हॉल्व्ह कधीच ठेवू नका, दोन-चार डॉलरची गोष्ट आहे.

साईज वाढवायचा मोह झाला तर फेंडर आणि टायरमधलं अंतर आधी मोजा, ट्रेलर भरलेला असताना मोजा, आणि वर निदान दोन-तीन इंच राहतंय का बघा. माझं मत विचाराल तर साईज तीच ठेवा आणि लोड रेंज वाढवा.

विकत घेताना

दोन्ही चाकं एकदम बदला, एक नवीन एक जुना असं नको, आणि जमत असेल तर तीन घ्या, तिसरा स्टेपनीसाठी. कंपनी, साईज, लोड रेंज तिन्ही सारखे. दुकानात माणसाला सरळ सांगा की बसवायच्या आधी मला तारखेचा कोड दाखवा. ट्रेलरचे टायर कमी खपतात, दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडून राहिलेला टायर नवीन म्हणून मिळू शकतो, आणि आपण वयावर टायर बदलणार असू तर ती दोन वर्षं आपल्याच खिशातनं गेली. मी एक वर्षाच्या आतलाच घेतो, नसेल तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगतो.

रिमवर बसवून तयार चाकं मिळतात, ट्रॅक्टर सप्लायसारख्या दुकानात किंवा ऑनलाईन. १५ इंची साधं चाक शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास पडतं, ब्रँडेड टायर असेल तर वर जातं. स्टेपनीसाठी हे तयार चाक घेणं सगळ्यात सोयीचं, फक्त त्याचीही तारीख वाचा. बॅलन्सिंग करून घ्या, काही जण म्हणतात की ट्रेलरला गरज नाही, पण आत माणूस नसतो म्हणून थरथर कळत नाही एवढंच, बेअरिंगला आणि आतल्या सामानाला ती कळते.

स्टेपनी: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

टायरची साईज जुळली म्हणजे चाक बसलं असं होत नाही, बोल्टचा पॅटर्न, म्हणजे बोल्ट किती आणि केवढ्या वर्तुळावर बसलेत ते, जुळायला हवा. पाच बोल्टच्या लहान ट्रेलरला साडेचार इंची वर्तुळ सगळ्यात जास्त दिसतं, पण पावणेपाच आणि पाच इंचीही येतात, आणि डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात. पाच बोल्टमध्ये समोरासमोर बोल्ट नसल्यामुळे वर्तुळ सरळ मोजता येत नाही. त्याची सोपी पद्धत म्हणजे शेजारशेजारच्या दोन बोल्टांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. ६७ आलं तर साडेचार इंची, ७१ आलं तर पावणेपाच, ७५ आलं तर पाच. चार-चार मिलिमीटरचाच फरक आहे म्हणून टेपपेक्षा कॅलिपरने मोजा, तो नसेल तर एका बोल्टच्या डाव्या कडेपासून शेजारच्या बोल्टच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, मध्य शोधत बसायला नको, उत्तर तेच येतं. चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोघांचे मध्य मोजले की झालं.

चुकीच्या पॅटर्नची रिम जोर लावून, नट आवळून कशीबशी चढते, आणि पुढे नट ढिले होऊन चाकच निघून जातं. हाताने सहज बसली नाही तर ती रिम त्या हबची (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) नाही.

कारची स्टेपनी ट्रेलरला चालेल का, हेही विचारतात, कारण टोयोटाच्या सिएनासारख्या बऱ्याच गाड्यांचा पॅटर्न ११४.३ मिलिमीटर असतो आणि साडेचार इंच म्हणजे तेवढंच. बोल्ट जुळतात, पण कारच्या रिमचं मधलं भोक लहान असतं, ट्रेलरच्या हबवर ते जात नाही, आणि रिमचा खोलगटपणा वेगळा असल्यामुळे टायर आत फ्रेमकडे सरकतो. गाडीतली ती बारीक तात्पुरती स्टेपनी तर ट्रेलरच्या वजनासाठी नाहीच.

स्टेपनी कुठे ठेवायची? पुढच्या दांड्यावर ब्रॅकेट लावून ठेवली तर पटकन हाताला येते पण ऊन खाते, म्हणून जाड कव्हर घाला आणि कुलूप लावा. डब्याच्या आत भिंतीला टांगली तर टायर छान राहतो, पण मग ती ढोलांच्या मागे अडकता कामा नये, हायवेच्या कडेला पंधरा ढोल उतरवून स्टेपनी काढायची वेळ येऊ देऊ नका. आमची आता आत आहे, बाजूच्या लहान दाराशेजारी.

स्टेपनी म्हातारी होऊ नये म्हणून एक गोष्ट करा, तिन्ही टायर एकाच वेळी घेतले असतील तर दर वर्षी गणपतीच्या आधी एक चाक काढून स्टेपनी लावा आणि निघालेलं चाक स्टेपनी करा. तिन्ही थोडे थोडे फिरतात, आणि मुख्य म्हणजे वर्षातनं एकदा चाक बदलायचा सराव होतो, पाना बसतो का, जॅक पुरतो का, गंजलेला नट आहे का, हे सगळं घरासमोर कळतं.

चाक बदलायचं सामान आणि पद्धत

एका पेटीत हे ठेवा आणि ती पेटी ट्रेलरमध्येच राहू दे: ट्रेलरच्या नटांना बसणारा सॉकेट (आमच्याला १३/१६ इंच लागतो, बऱ्याच ठिकाणी ३/४, घरी लावून बघा), लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना), छोटा हायड्रॉलिक जॅक, जॅकखाली द्यायला रुंद फळी, चाकाला लावायचे दोन ठोकळे, हवेचं मीटर, बारा व्होल्टचा पंप, हेडलँप, चमकणारं जॅकेट आणि तीन लाल त्रिकोण. पंप घेताना तो ६५ पर्यंत जातो ना ते बघा, स्वस्तातले पंप चाळिसाला दमतात.

रस्त्यात वेळ आली तर पुढच्या एक्झिटपर्यंत हळू जाता आलं तर जा, रिम खराब झाली तर होऊ दे, माणसं महत्त्वाची. सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा, विशेषतः पोरांना. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढे-मागे ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावू नका, नळी वाकते आणि मग नवीन टायर एका कडेने झिजायला लागतो. अ‍ॅक्सलजवळच्या फ्रेमच्या जाड लोखंडाखाली लावा, फळीवर. उचलल्यावर अंगाचा कुठलाही भाग ट्रेलरखाली जाता कामा नये.

नट बसवताना निमुळती बाजू रिमकडे, आधी सगळे हाताने फिरवा, मग एक सोडून एक असे चांदणीसारखे आवळत जा, दोन-तीन टप्प्यांत. आमच्या अर्ध्या इंची बोल्टला आणि १५ इंची चाकाला मॅन्युअलमध्ये ९० ते १२० फूट-पौंड दिलंय, १३ इंचीला त्याहून कमी असतं, म्हणून तुमच्या अ‍ॅक्सलचा आकडा शोधून पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. नवीन बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून परत तपासायचे, रंग आणि गंज दबून ते थोडे ढिले होतात. हे कंटाळवाणं वाटतं पण करा, चाक निघून समोरच्या गाडीवर गेल्याच्या घटना ह्याच कारणाने होतात.

तुमच्या रोडसाईड असिस्टन्समध्ये ट्रेलर धरलाय का हे आजच फोन करून विचारा. बऱ्याच साध्या प्लॅनमध्ये गाडी ओढून नेतात आणि ट्रेलर तिथेच राहतो.

हवा

एसटी टायरमध्ये साईडवॉलवर लिहिलेली पूर्ण हवा भरायची, आमच्या साईजला सी असेल तर ५०, डी असेल तर ६५, फक्त रिम तेवढी पेलणारी हवी. कारसारखी ३२-३५ वर ठेवली तर टायरची वजन पेलायची ताकद खूप खाली येते, बाजू जास्त दबते-सुटते, तापते आणि आतून सुटायला लागते. आमच्या फुटलेल्या टायरच्या जोडीदारात मोजली तेव्हा ३१ निघाली, वजन मर्यादेत होतं, वेग बरा होता, पण नऊ वर्षांचं रबर आणि ३१ ची हवा. हवा टायर थंड असताना मोजा, म्हणजे निघायच्या आधी सकाळी. चालून गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका. तापमान दहा डिग्री फॅरनहाईट उतरलं की साधारण एक-सव्वा पीएसआय कमी होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये भरलेली हवा दिवाळीच्या परेडला कमीच असणार.

प्रत्येक पेट्रोल पंपावर थांबलात की दोन्ही टायरला आणि हबला हात लावा. दोन्ही सारखेच कोमट हवेत. एक जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा बेअरिंग बिघडतंय. व्हॉल्व्हवर फिरवून लावायचे सेन्सर मिळतात, पुढे डॅशबोर्डवर आकडा दिसतो, पथकाने वर्गणी काढून ते घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बंद डबा मागे असताना चालवणाऱ्याला टायर बसलेला कळत नाही, मला कळला नव्हता.

उभा असताना

सीझन संपला की ट्रेलर रिकामा करा, आमच्या स्टोरेजमध्ये वर्षभर स्टँड आतच पडून असायचे, ते बंद केलं. टायर साबणाच्या पाण्याने धुवा, चमकवायची तेलकट पॉलिश लावू नका, ती रबरातलं संरक्षण उलट धुऊन काढते. हवा पूर्ण भरा आणि चाकांवर पांढरी कव्हरं घाला, जमलं तर फळीवर चढवून ठेवा. महिन्या-दीड महिन्याने जाऊन दोन-तीन फूट पुढे ढकला म्हणजे एकाच जागी चपटा होत नाही.

आमच्या ट्रेलरच्या दाराच्या आत आता एक कागद चिकटवलाय, लॅमिनेट करून. त्यावर तिन्ही टायरच्या तारखा, हवा ६५, नटाचा टॉर्क, सॉकेटची साईज, बोल्टचा पॅटर्न, शेवटचं काट्यावरचं वजन आणि टायर बदलायचं साल. पथकातली पोरं बदलतात, ओढणारी गाडी बदलते, चालवणारा बदलतो, पण कागद तिथेच राहतो, आणि पाडव्याला ट्रेलर बाहेर काढणारा पहिला माणूस तो वाचून खाली सही आणि तारीख टाकतो.